पर्वत दिनाच्या भिंतीसाठी ग्रिग्री प्लस: घ्यावं का, आणि कसं वापरावं

११ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय पर्वत दिन जवळ आला की गिर्यारोहण संस्था शहरातल्या मैदानावर किल्ल्यांचे फोटो, तंबू आणि लोकांना चढून बघायला कृत्रिम भिंत मांडतात. फलक कुठे लावायचे यावर चार बैठका होतात. बिलेचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायचं, साधन मात्र बहुधा आदल्या रात्री पेटीत जे सापडेल ते. खरं तर त्या दिवशी सगळ्यात जास्त राबतं ते हेच. एका दोरावर तासाला दहा-बारा जण चढतात, बहुतेकांनी हार्नेस (दोर बांधायचा अंगावरचा पट्टा) पहिल्यांदाच घातलेला असतो आणि बिले देणारा सकाळपासून मान वर करून उभा असतो.

या कामासाठी पेट्झल कंपनीचं ग्रिग्री प्लस हे झटका बसताच दोर पकडणारं साधन आम्हाला साध्या ग्रिग्रीपेक्षा उजवं वाटतं. वजन २०० ग्रॅम, म्हणजे साध्यापेक्षा २५ ग्रॅम जास्त. मैदानावर त्याने काही बिघडत नाही. दोर जिथे घासतो तिथे स्टीलची पट्टी आहे, आणि धुळीने माखलेल्या दोरावर शंभरेक जणांना उतरवायचं असेल तर ती हवीच. ८.५ ते ११ मिमीचा सिंगल (एकेरी वापरायचा) दोर चालतो. भिंतीसाठी १० मिमी घ्या. वापरून फुगलेला ११ मिमीचा दोर ढील काढताना अडतो आणि चढणारा ढिल्या दोरावर राहतो. ३० फुटी भिंतीला दोर वर जाऊन परत येतो, म्हणजे ६० फूट. २५ मीटरचा तुकडा पुरतो. मोकळ्या टोकाला गाठ मारायला विसरू नका.

बाजूला टॉप-रोप (दोर आधीच वरून आलेला) आणि लीड (चढणारा दोर सोबत वर नेतो) अशी खटकी आहे. ती टॉप-रोपवर लावून लॉक करा, नाहीतर हाताळताना फिरते. चढणाऱ्याला उतरवताना हँडल जास्त ओढलं तर अँटी-पॅनिक यंत्रणा दोर अडवते. हँडल सोडून पुन्हा हळू ओढलं की उतरवणं सुरू होतं. मुरलेल्या बिलेअरला हे झटके नकोसे वाटतात. पण घाबरून हँडल गच्च ओढून धरणं ही नवख्याची नेहमीची चूक असते, आणि तीच इथे सावरली जाते.

म्हणून कोणाच्याही हाती ते द्यावं असं नाही. दोर उलटा भरला तर ते पकडत नाही. आतल्या बाजूला माणसाचं आणि हाताचं चित्र कोरलेलं आहे: माणसाकडे चढणाऱ्याचा दोर, हाताकडे ब्रेकचा, म्हणजे बिलेअरच्या हातातला. प्रत्येक नव्या माणसाच्या वेळी चढणाऱ्याकडचा दोर झटक्याने ओढून बघा, अडकलाच पाहिजे. ढील देताना अंगठ्याने कॅम (दोर दाबून धरणारा फिरता भाग) दाबून ठेवायची सवय दिसली तर त्या बिलेअरला बदला, कारण दाबलेला कॅम पडणाऱ्याला थांबवत नाही. आणि ब्रेकच्या दोरावरचा हात कधीच सुटता कामा नये, फोटो काढणारा कितीही हाका मारो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र हे साधन कमी पडतं. वीसेक किलोचं मूल वर लटकलं की दोराच्या घर्षणातच त्याचं वजन जिरतं आणि हँडल ओढूनही ते खाली येत नाही. मग ब्रेकचा दोर धरूनच, तो हाताने थोडा थोडा आत सरकवावा लागतो. मुलांसाठी वेगळी रांग, पूर्ण अंगाचा हार्नेस आणि सगळ्यात अनुभवी बिलेअर ठेवा. उलट चढणारा बराच जड असेल तर बिलेअर उचलला जातो. त्याला मागून स्लिंगने (शिवलेल्या पट्टीने) भिंतीच्या पायाशी बांधा, स्लिंग ताठ हवी.

रॅपलिंगचं, म्हणजे दोरावरून उतरण्याचं, प्रात्यक्षिक असेल तर उतरणाऱ्याला नेहमीचा फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराचं साधन) द्या आणि वेगळ्या दोरावर वरून ग्रिग्री प्लसने बिले द्या. लोकांच्या हाती ग्रिग्री देऊन त्यांना स्वतः उतरू देऊ नका. हँडल कळायला सराव लागतो.

साध्या फिगर ऑफ एटच्या कितीतरी पट किंमत पडते, तेव्हा सगळ्या दोरांसाठी घेणं जमणार नसेल तर आधी सर्वाधिक गर्दीच्या दोरावर घ्या. खाली ताडपत्री अंथरा. मैदानाची माती कॅमच्या सांध्यात गेली की तो जड फिरतो. संध्याकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा आणि पेटीत टाकण्याआधी कॅम बोटाने दाबून तो झटकन परत येतो का ते बघा.