तांब्याचा भाव, अ‍ॅल्युमिनियमची नळी: हीट पंप बसवताना झालेली फसवणूक

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांखाली जातो, आईला सहाच्या सुमारास आंघोळीचे पाणी लागते आणि ढगाळ दिवशी सोलरचा भरवसा नसतो. म्हणून गेल्या नोव्हेंबरात आम्ही गच्चीवर बाहेरचे युनिट आणि ड्राय बाल्कनीत 200 लिटरची टाकी, असा दोन भागांचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे विजेवरचे यंत्र, घेतला. यंत्राबद्दल माझी आजही तक्रार नाही. फसवणूक झाली ती टाकी आणि युनिट यांना जोडणाऱ्या नळ्यांमध्ये, म्हणजे ज्या भागाकडे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही, तिथे.

या नळ्यांमधून उष्णता वाहून नेणारा गॅस फिरतो, पाणी नव्हे. त्या दोन लागतात, एक नळी दोन सूत व्यासाची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि दुसरी तीन सूत, आणि बाजारात भाव सांगतात तो या जोडीचा, फुटावर. विक्रेत्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला होता: “प्युअर तांबं साहेब, 280 रुपये फूट, इन्सुलेशनसकट.” गच्चीपासून टाकीपर्यंतचे अंतर 29 फूट भरले. बिल मात्र 62 फुटांचे आले, म्हणजे 17,360 रुपये. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की नळ्या दोन आहेत, म्हणून 58, आणि चार फूट वेस्टेज. घरात पाहुणे होते, हुज्जत नको म्हणून मी पैसे देऊन मोकळा झालो. बिलावर ‘पाइप किट’ एवढेच लिहिलेले होते आणि तांबे हा शब्द कुठेच नव्हता, हे माझ्या लक्षात आले ते चार महिन्यांनी.

जोडणीच्या दिवशी फिटरने नळ्या आणल्या त्याच मुळी काळ्या इन्सुलेशनमध्ये घालून, वर पांढरी टेप गुंडाळून. टोके तांबूस दिसत होती. नट आवळल्यावर त्याने युनिटचा व्हॉल्व्ह किंचित उघडला, दुसऱ्या टोकाचा नट सैल करून दोन-तीन सेकंद फुस्स असा आवाज येऊ दिला आणि “हवा काढली” असे म्हणाला. वास्तविक या कामासाठी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि दमटपणा खेचून घ्यावा लागतो. त्याला निदान वीस-तीस मिनिटे लागतात आणि पोकळी टिकते की नाही हे गेजवर पाहावे लागते. आत राहिलेल्या ओलाव्याने कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होते. शिवाय आमच्या यंत्रातला आर-32 हा गॅस थोडाफार ज्वलनशील आहे, तो असा मोकळा सोडायचाच नसतो. हे सगळे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले होते आणि ती पुस्तिका मी कपाटात ठेवून दिली होती. वर ‘जादा गॅस अर्धा किलो’ म्हणून 1,800 रुपये वेगळे घेतले. पुस्तिकेप्रमाणे पहिल्या पाच मीटरचा गॅस कारखान्यातूनच भरलेला असतो आणि पुढे मीटरमागे 20 ग्रॅम लागतो, म्हणजे आमच्या नळीला जेमतेम 80 ग्रॅम पुरला असता. त्याच्याजवळ वजनकाटासुद्धा नव्हता.

गॅस हळूहळू गळत होता, तरी पाणी तापत राहिले, कारण टाकीत मदतीला म्हणून विजेची कॉइल असते आणि पंप कमी पडला की ती आपोआप चालू होते. हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देतो, कॉइल मात्र एकास एकच. त्यामुळे बिघाड नळाला कळला नाही, तो लाइटबिलावर कळला. विक्रेत्याला फोन केला, तर त्याने 3,500 रुपयांत गॅस भरून देतो आणि “कॉम्प्रेसरही बघावा लागेल” असे सांगितले.

तेवढ्यात माझा आतेभाऊ घरी आला. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून तो वीस वर्षे हेच काम करतो. टाकीजवळच्या पितळी नटाभोवती त्याला पांढरी भुकटी दिसली. त्याने ब्लेडने टेप कापली, इन्सुलेशन मागे सारले, नळीवर नख लागेल इतकासा ओरखडा काढला आणि म्हणाला, “दादा, हे बघ.” तांबूस थराखाली धातू चांदीसारखा पांढरा होता. तांब्याचा मुलामा दिलेले ते अ‍ॅल्युमिनियम होते. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या सांध्यात ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम झिजते, आणि आमच्या ड्राय बाल्कनीत कपडे धुतले जात असल्याने ओलीला तोटा नव्हता. त्याने मला एका हातात तो तुकडा दिला आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या पिशवीतला तेवढ्याच लांबीचा तांब्याचा. आमचा तुकडा निम्म्याहून हलका होता. लोहचुंबकाने यातले काही कळत नाही, दोन्ही धातू त्याला चिकटत नाहीत. ताज्या कापावर मुलाम्याखालचा पांढरा धातू उघडा पडतो, म्हणून नळी आपल्यासमोर कापायला लावून कापलेली कड पाहावी, आणि तेही टेप चढण्याच्या आधी.

नवी नळी आतेभावाने टाकली. आधी नायट्रोजन भरून रात्रभर दाब धरून ठेवला, सकाळी गेजचा काटा जागेवर आहे हे मला दाखवले, मग व्हॅक्यूम पंप लावला आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. मी तो आवाजी निरोप परत ऐकवल्यावर विक्रेत्याने 9,000 रुपये दिले, उरलेल्यांना टाळाटाळ चालवली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. अर्ज लिहून झाला आहे, त्यासोबत बिल, निरोपाची ध्वनिफीत आणि वीतभर कापलेली ती नळी जोडणार आहे.