एकाच सर्व्हरवर दोन साइट: सेशनचं नाव बदलावं की पीएचपीचा पूलच वेगळा करावा?

रत्नागिरीच्या हापूस विक्रीची साइट आणि तारकर्लीच्या होमस्टेची, दोन्ही माझ्याकडे एकाच सर्व्हरवर. पीएचपीच्या सेशन फायली, म्हणजे कोण लॉगिन आहे याची नोंद ठेवणाऱ्या फायली, एकाच फोल्डरात पडायच्या. आंब्याच्या साइटवर लॉगिन केलं, कुकीतला आयडी होमस्टेच्या कुकीत चिकटवला, तर थेट मालकाचं पान उघडलं! दोन्हीकडे व्हेरिएबलचं नाव तेच, आणि १ नंबरचा युजर म्हणजे मालक.

सेशनचं, म्हणजे त्याच्या कुकीचं नाव बदलणं स्वस्त, एका ओळीचं काम. एकाच डोमेनखाली दोन साइट असतील तर कुकींची टक्कर टळते, एवढंच. फायली एकत्रच राहतात. एकाच गोठ्यातल्या गुरांच्या नुसत्या घंटा बदलल्यासारखं ते.

म्हणून मी दुसरा मार्ग धरला: प्रत्येक साइटला वेगळा एफपीएम पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचा गट), वेगळा युजर आणि ७०० परवानगीचा, म्हणजे फक्त त्या युजरलाच उघडता येणारा, स्वतःचा सेशन फोल्डर. रॅम थोडी जास्त लागते, पण पूल 'ऑनडिमांड' (कोणी साइट उघडली तरच प्रोसेस सुरू) ठेवला की पावसाळ्यात ओस पडलेला होमस्टे फारसं काही खात नाही. मेख एकच. डेबियन लिनक्सवर जुन्या सेशनची झाडलोट करणारं, ठरावीक वेळानं आपोआप चालणारं काम या नव्या फोल्डरात फिरकत नाही. पीएचपीनं स्वतःच अधूनमधून झाडलोट करावी म्हणून पूलमध्ये जीसी प्रॉबॅबिलिटी ही सेटिंग ० ची १ करावी लागते. मी विसरलो होतो. गणपतीत गावी बसून फायली हातानं पुसल्या.