१६ जीबी की ३२? सांबऱ्याच्या धावपट्टीवर ठरलेलं उत्तर

खानापूरचा माझा मावसभाऊ दोन वर्षं संगणकावर १६ जीबी रॅमवर (चालू कामाचा माल तात्पुरता ठेवणारी मेमरी) खेळतोय, एक तक्रार नाही. माझ्याकडेही १६च होती आणि मी वैतागून ३२ केली. चूक दोघांचीही नाही, म्हणून तर 'खेळायला १६ घेऊ की ३२?' असं विचारणाऱ्याला सांगताना पंचाईत होते.

भाऊ खेळतो व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २. व्हॅलोरंटला ४ जीबी पुरते असं बनवणारेच सांगतात. त्यानं उरलेले पैसे मॉनिटरवर घातले, शहाणपणा केला. तुमचे खेळ याच पठडीतले असतील तर १६ घ्या आणि पुढचं वाचू नका.

मला नाद विमानांचा. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ला रॅम किमान १६, शिफारस ३२, आणि हौस असेल तर ६४ असं लिहिलेलं आहे. मी म्हटलं, किमान तरी आहे ना, झालं की! आणि आकाशात असेतोवर खरंच काही अडलं नाही. गोकाकच्या धबधब्यावर पाहिजे तेवढ्या घिरट्या घातल्या.

त्रास उतरताना. डिस्कॉर्डवर मित्र बोलतायत, ब्राउझरमध्ये सांबऱ्याचा, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचा, नकाशा उघडलेला. तो बघायला ऑल्ट-टॅब दाबून बाहेर गेलो, परत आलो, तर चित्र गोठलेलं आणि आवाजाची नुसती करकर. दोन-तीन सेकंदच. पण तेवढ्यात विमान धावपट्टी सोडून शेजारच्या शेतात. एकदा झालं असतं तर हसलो असतो. दर तीन-चार लँडिंगला तेच.

कारण साधं आहे. रॅम भरली की विंडोज त्यातला काही माल एसएसडीवर (फायली साठवायच्या डिस्कवर) हलवतं, आणि खेळानं मागितला की तिथून परत ओढून आणतं. एसएसडी कितीही वेगवान म्हणा, रॅमपुढे ती बैलगाडीच. सरासरी एफपीएसमध्ये (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) हे झटके बुडून जातात. शिवाय चाचण्या घेणाऱ्यांच्या मशीनवर मागे बहुधा काहीच चालू नसतं, म्हणून त्यांच्या आलेखांत १६ आणि ३२ बऱ्याचदा सारखेच दिसतात. आपल्या घरी असं रिकामं मशीन कधी असतं?

आधी मी स्वस्तातला उपाय करून पाहिला. ८-८ जीबीच्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) होत्या, त्यात दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन खुपसल्या. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगानं चालवणारं सेटिंग) चालू केलं की स्क्रीन काळी, बंद केलं की रॅमचा वेग खाली. हे डीडीआर४ चं, म्हणजे रॅमच्या आधीच्या पिढीचं. नंतरच्या डीडीआर५ मध्ये चारही खाचा भरल्या तर बहुतेक मदरबोर्डांवर वेग आणखीच उतरतो. म्हणून 'आत्ता ८-८, पुढे वाढवू' हा हिशेब मला तरी पटत नाही. शेवटी १६-१६ ची जोडी आणली. तेच सेटिंग, तोच ब्राउझर, आणि टास्क मॅनेजरमध्ये वापर १९-२० जीबीच्या आसपास! म्हणजे इतके दिवस काय कोंबत होतो ते कळलं. सांबऱ्याला त्यानंतर उतरताना चुकलो तो माझ्या हातानं.

आता किमतीचं दुखणं आहेच. २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅम कडाडली. ३२ साठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणावं लागत असेल तर मी आग्रह करणार नाही, ८-८ ची जोडी घ्या आणि खेळताना ब्राउझर बंद ठेवा. १६ ची एकच स्टिक घेऊन दुसरी खाच रिकामी ठेवायचाही मार्ग आहे. त्यात वेग थोडा मार खातो, आणि वेगळं ग्राफिक्स कार्डच नसेल तर बराच. पण मोकळी जागा राहते, आणि पुढे तशीच दुसरी मिळाली तर काम होतं. ६४ चा विचार व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी करावा.

माझ्या जुन्या ८-८ च्या दोन बाबांच्या दुकानातल्या बिलिंगच्या मशीनला लावल्या. तिथं टॅली आणि एक पत्त्यांचा खेळ चालतो, दोन्ही सुखात आहेत.