ओल्ड मॅक्डॉनल्ड की सेंट अँड्र्यूज? एकदाच जायचं असेल तर

माझे भावोजी मार्चमध्ये रिटायर होतायत आणि गेले सहा महिने फोंड्याला त्यांच्याकडे गेलं की ताई ताट वाढायच्या आधीच हा विषय निघतो, की एकच मोठी गोल्फ ट्रिप परवडणार आहे तर स्कॉटलंडला जायचं की अमेरिकेला. मी दोन्हीकडे खेळून आलोय, स्कॉटलंडला दोनदा आणि ओरेगॉनला एकदा (भाचा पोर्टलंडला असतो म्हणून जमलं), त्यामुळे सगळे मलाच विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

आधी हे दोन कोर्स एकत्र का तोलायचे ते. चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड नावाचा अमेरिकन माणूस, तो १८७२ मध्ये सोळाव्या वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला शिकायला गेला, तिथे ओल्ड टॉम मॉरिस या नामांकित गोल्फपटूच्या सहवासात गोल्फ त्याच्या अंगात भिनलं, आणि पुढे त्याने ब्रिटन आणि युरोपात फिरून कुठल्या होलमध्ये (म्हणजे कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी एकात) नेमकं काय चांगलं आहे याचा अभ्यास केला आणि त्या कल्पना घेऊन न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स बांधला. रेडान, ईडन, आल्प्स, शॉर्ट, बिआरिट्झ, पंचबोल ही त्याची आणि त्याच्या पठडीतल्या लोकांची ठरलेली होल्स, प्रत्येकात एक कोडं असतं. आता नॅशनल हा प्रायव्हेट क्लब, आपल्याला तिथे कोण घेणार. पण ओरेगॉनच्या बँडन ड्यून्स रिसॉर्टमध्ये २०१० साली टॉम डोक आणि जिम अर्बिना यांनी त्याच्याच विचाराने एक कोर्स केला आणि नाव ठेवलं ओल्ड मॅक्डॉनल्ड, थोडक्यात ओल्ड मॅक, तिथे पैसे भरून कुणीही खेळू शकतो. म्हणजे एकीकडे मूळ जागा, दुसरीकडे त्या जागेवरून प्रेमाने शिकून केलेलं काम.

आपल्यासाठी दोन्हीकडे सगळ्यात मोठा फरक जमिनीचा, हे आधी समजून घ्या नाहीतर पहिले चार होल नुसते गोंधळात जातात. आपल्याकडे बहुतेक कोर्सवर जे बर्म्युडा गवत असतं ते म्हणजे आपली हरळीच, चतुर्थीला गणपतीला वाहतो ती दुर्वा. हरळी बॉलला धरून ठेवते आणि पावसाळ्यात तर बॉल पडला तिथेच रुततो, म्हणून आपण सगळे उंच मारायला शिकतो. ओल्ड मॅकवर फेस्क्यू, बारीक सुईसारखं गवत आणि खाली वाळू, बॉल पडल्यावर तीस-चाळीस यार्ड सहज पळतो. सेंट अँड्र्यूजलाही उन्हाळ्यात कोरडं असलं की तसंच. ग्रीनपासून (झेंडा आणि खळगा असतो ती बारीक गवताची जागा) साठ यार्डांवर उभं राहून पटर (बॉल जमिनीवरून ढकलायची काठी) काढायचा हे आपल्या मनाला पटतच नाही, पण तिथे तोच बरेचदा शहाणपणाचा शॉट असतो.

आता ओल्ड मॅक. पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, उभं राहिलं की फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) बघून वाटतं हे काय, एवढं रुंद, इथे चुकणार तरी कसं. बॉल खरंच हरवत नाही, अठरा होलमध्ये माझा एकच गेला. पण रुंद फेअरवेची गंमत दुसऱ्या शॉटला कळते, चुकीच्या बाजूने ग्रीनकडे बघितलं की मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) तरी येतो नाहीतर उतार तुमच्यापासून पलीकडे पळणारा असतो, आणि योग्य बाजूला असाल तर तीच ग्रीन दार उघडल्यासारखी दिसते. ग्रीन्स तर अवाढव्य आहेत, सरासरी १४ हजार चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे गावातल्या देवळाचं अख्खं प्रांगण. ग्रीनवर पोचलो म्हणून खूश व्हायचं आणि मग लक्षात येतं की खळगा अजून पन्नास पावलं लांब आहे आणि मध्ये दोन टेकाडं आहेत. मी त्या दिवशी सात थ्री-पुट केले, म्हणजे सात वेळा ग्रीनवर तीन-तीन फटके.

बारावा होल रेडान आहे तो जरा सविस्तर सांगतो, कारण क्लासिकल डिझाइन म्हणजे काय हे मला त्या एका शॉटमध्ये कळलं. रेडान हा मूळ किल्ल्याच्या बांधकामातला शब्द, बाहेर टोक काढलेली तटबंदी, क्रिमियन युद्धातल्या सेवास्तोपोलच्या किल्लेबंदीवरून हे नाव आलं. पार थ्री आहे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल, ग्रीन तिरकी ठेवलेली, पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे आणि उतारही तिकडेच, आणि डाव्या हाताला पुढे खोल बंकर. फ्लॅग डावीकडे मागे होता. मी सरळ फ्लॅगवर मारायच्या तयारीत होतो तर कॅडी (बॅग वाहून सल्ला देणारा) म्हणाला फ्लॅग विसर, उजवीकडे तो उंचवटा दिसतो ना त्याच्यावर मार आणि खाली ठेव. सिक्स आयर्न (मध्यम अंतराची काठी) मारला, बॉल उंचवट्यावर पडला, थांबल्यासारखा झाला, मी मनात म्हटलं गेलं, आणि मग तो हळूच डावीकडे वळला आणि पावडर टाकलेल्या कॅरमवर सोंगटी सरकते तसा सरकत गेला, सरकतच गेला, दहा-बारा सेकंद आम्ही चौघं नुसते बघत होतो, आणि फ्लॅगपासून आठ फुटांवर थांबला. एवढा आनंद मला दोनशे पन्नास यार्डांच्या ड्राइव्हने (टीवरच्या लांब फटक्याने) कधी दिला नाही. पुट चुकला ते सोडा.

बाकी होल्सही लक्षात राहतात. आठवा बिआरिट्झ, ग्रीनच्या पोटातून आडवी खोल चर गेलेली. सोळावा आल्प्स, तिथे ग्रीन दिसतच नाही, वाळूच्या डोंगरापलीकडे अंदाजाने मारायचं. शेवटचा पंचबोल, ग्रीन वाडग्यात बसवल्यासारखी, त्यामुळे बाजूला पडलेला बॉलही आत घरंगळतो आणि राउंड हसत संपते. सातव्याला चढून गेलं की एकदम समोर पॅसिफिक. समुद्र आपण रोज बघतो पण तो चढ आणि तो वारा वेगळाच. उन्हाळ्यात वारा उत्तरेकडून, हिवाळ्यात दक्षिणेकडून, म्हणजे सीझन बदलला की कोर्सच बदलतो.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स मात्र कुणा एका माणसाने बसून आखलेला नाही, आणि हे खेळताना पदोपदी जाणवतं. आपल्याकडे भात कापून झालं की शेतात पोरं फुटबॉल खेळतात, मेरेला (बांधाला) ठेच लागते, कुठे उंच कुठे खोल, आणि हळूहळू त्या शेताचे स्वतःचे नियम तयार होतात, तसं समजा, फक्त शेकडो वर्षं. शंभरावर बंकर आहेत आणि त्यातले कित्येक टीवरून दिसतच नाहीत, कारण पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळला जायचा आणि तिकडून ते समोर येतात. उत्तम ड्राइव्ह मारून पुढे जाऊन बघावं तर बॉल एका खड्ड्यात, माणूस आणि त्याची वेज (खड्ड्यातून बॉल काढायची काठी) एवढीच जागा. पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्या वेळी मी डावीकडून खेळलो, तिथे डावी बाजू बहुतेक ठिकाणी सुरक्षित, पण ग्रीनकडे जायचा चांगला कोन उजवीकडून, झुडपांच्या जवळून. रुंद फेअरवेवर कोन निवडायचा हा धडा मॅक्डॉनल्डने घेतला तो इथूनच, आणि ओल्ड मॅक आधी खेळून आलेल्याला तो लगेच ओळखू येतो.

सात डबल ग्रीन्स आहेत, एकाच ग्रीनवर दोन होल, समोरून येणारे लोक तुमच्याकडे बघून हात करतात. सतराव्याला हॉटेलच्या कोपऱ्यावरून आंधळा ड्राइव्ह, मग तो रोड बंकर आणि मागे खरोखरचा रस्ता आणि भिंत. ओल्ड मॅकचा अकरावाही रोड होलच आहे आणि कल्पना छान उतरली आहे, पण अठराव्याला गावात परत यायचं, कुंपणाला टेकून अनोळखी लोक तुमचा पुट बघतायत, कुणी पिशवी घेऊन बाजाराला चाललंय, हे ओरेगॉनच्या माळावर कुठून आणणार. जमीन अजून लोकांची आहे, कोमुनिदादीच्या, म्हणजे आपल्याकडच्या गावाच्या सामायिक जमिनीसारखी म्हणा. १५५२ च्या एका सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क मान्य केलेला आहे. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो आणि लोक कुत्री, बाबागाड्या घेऊन फेअरवेवरून फिरतात. मी एका रविवारी अठराव्यावरच्या छोट्या दगडी स्विलकन पुलापासून रोड बंकरपर्यंत नुसता चालत गेलो, आत उतरून बघितलं, भिंत माझ्या छातीपर्यंत होती. ज्यांना खेळायला मिळालं नाही त्यांनी निदान हे करावं.

कारण खेळायला मिळेलच असं नाही, हीच स्कॉटलंडची मोठी अडचण. महिनोन्‌महिने आधी पॅकेज घेतलं तर महाग, नाहीतर ४८ तास आधी बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव टाकायचं आणि वाट बघायची. हँडिकॅप सर्टिफिकेट (खेळाची पातळी दाखवणारं) लागतं, ते इथूनच घेऊन जा. पहिल्या वेळी माझं नाव तीन दिवस लागलं नाही, चौथ्या दिवशी लागलं. बँडनला असं नाही, रिसॉर्टमध्ये खोली आणि टी टाइम एकदम बुक केलं की विषय संपला, पण त्यासाठी बरंच आधी हालचाल करावी लागते. पैशाच्या बाबतीत फार फरक धरू नका, सीझनमध्ये दोन्हीकडे एका राउंडला तीस हजार रुपयांच्या वरच, कॅडी वेगळा. कोर्सवर फिरायला गोल्फ कार्ट दोन्हीकडे सहसा मिळत नाही, चालायचंच. प्रवासात मात्र फरक आहे, एडिनबरोला उतरलं की तासाभरात सेंट अँड्र्यूज, आणि बँडनसाठी सॅन फ्रान्सिस्कोहून छोटं विमान घेऊन नॉर्थ बेंड, नाहीतर पोर्टलंडहून पाच तास गाडी. घरात कुणाचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर दोन्ही देश सोपे, नाहीतर अमेरिकेच्या व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तारीख आधी बघा आणि मगच बाकीचं ठरवा.

एक गोष्ट ओल्ड मॅकच्या बाजूने ठामपणे सांगतो. मूळ होल्स एका ठिकाणी नाहीत. रेडान नॉर्थ बर्विकला, आल्प्स प्रेस्टविकला म्हणजे देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, लेव्हन नावाचा होल मूळचा लेव्हन गावच्या कोर्सवरचा, आणि बिआरिट्झचा मूळ होल फ्रान्समध्ये होता तो आता नाहीच. ते सगळं चार-साडेचार तासांत एका फेरीत अनुभवायचं असेल तर ओरेगॉनशिवाय पर्याय फार नाहीत. आणि तिथे प्रत्येक होल नक्कल नाही, कल्पना तीच पण जमीन वेगळी म्हणून उत्तर वेगळं. आपल्या गोव्यातल्या मोबोरच्या बारा पार-थ्री होल्सवर किंवा राजबागला नऊ होलवर शिकलेल्या माणसाला, जो महिन्यातून तीन-चारदा खेळतो आणि ज्याला अजून आपला खेळ सुधारायचाय, त्याला मी बँडन सांगेन. चार दिवस रहा, ओल्ड मॅक दोनदा खेळा, पहिल्यांदा मार खायला आणि दुसऱ्यांदा कोडी सोडवायला. मडगावचा माझा मित्र, वय पस्तीस, बॉल लांब मारतो आणि डोकं कमी वापरतो, त्याला हेच सांगितलंय.

भावोजींना मात्र स्कॉटलंड. त्यांचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, ओल्ड मॅकला तिसऱ्याचा आणि सातव्याचा चढ त्यांना जड जाईल, ओल्ड कोर्स जवळजवळ सपाट. दुसरं म्हणजे त्यांना स्कोअरचं फार पडलेलं नाही, त्यांना गप्पा मारत चालायला आवडतं आणि ताईही सोबत येणार आहे, बँडनला गोल्फ न खेळणाऱ्या माणसाने दिवसभर करायचं काय, सेंट अँड्र्यूजला गाव आहे, पडका कॅथीड्रल आहे, समुद्र आहे. फक्त सगळी ट्रिप ओल्ड कोर्सवर टांगू नका भावोजी, बॅलट नाही लागलं तर तोंड पाडून बसाल. आठ दिवस धरा, नॉर्थ बर्विक आणि लेव्हन नक्की बुक करा, बॅलटमध्ये रोज नाव टाका, रविवारी ताईला घेऊन ओल्ड कोर्सवर फिरायला जा.

जून बरा, दहा वाजेपर्यंत उजेड असतो आणि इथे तेव्हा पाऊस लागलेला असतो, म्हणजे घरी बसून काही चुकत नाही. त्याआधी मे महिन्यात राजबागची जमीन टणक झालेली असते तेव्हा सेव्हन आयर्न घेऊन ग्रीनच्या तीस यार्ड अलीकडे उभे रहा आणि बॉल जमिनीवरून पळवायला शिका, रोज अर्धा तास, मी येतो सोबत.