शेतावर जायचं की लाइव्ह म्युझिकला?

ताई विचारत होती, शरद ऋतू संपत आलाय, सगळे जमतोय तर यातलं काय करायचं.

खर्चात शेत परवडतं, कार्यक्रमाला माणशी तिकीट म्हणजे मोठ्या कुटुंबाला फटकाच. धावपळ मात्र शेतावर जास्त, चिखल, जादा कपडे, त्यात दिवस लहान झालेला, दुपारी उशिरा पोचलात तर बघेपर्यंत अंधार, म्हणून सकाळीच निघा. गप्पा? गाण्यात बोलणार कधी! आणि आवाज, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवलीय, तेही कमी नाहीच, पोरांच्या कानांना काहीतरी लावा.

पोरं जास्त असतील तर शेत. गुडघे दुखणारे आजी-आजोबा सोबत किंवा एकच संध्याकाळ मोकळी असेल तर हॉलमधलं गाणं.