काल्डर वर्गात आणणारा संच: मोबाइल उत्तम, स्टेबाइल अपुरं

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरच्या शिल्पांची ओळख करून देणारा हा संच 30 विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यात दीड मिमी जाडीची ॲल्युमिनियमची तार, रंगीत कार्डशीट, नायलॉनचा दोरा, गोल तोंडाच्या पकडी आणि एक पुस्तिका मिळते. झुलत्या शिल्पांसाठी, म्हणजे मोबाइलसाठी, तो मनापासून सुचवावा असा आहे. स्टेबाइलला, म्हणजे जमिनीवर स्थिर उभ्या राहणाऱ्या शिल्पांना, मात्र त्यात न्याय मिळालेला नाही.

तारेची निवड अचूक आहे. ती मुलांच्या हातानं वाकते, तरी 18 सेंमीची दांडी लवत नाही. तोलाचं गणितही नीट समजावलंय: एका टोकाला 4 ग्रॅमचं कार्डशीटचं पान आणि दुसऱ्याला 2 ग्रॅमचं असेल, तर टांगायची कडी जड टोकापासून 6 सेंमीवर. पण यात तारेचं वजन धरलेलं नाही. ते धरलं की कडी सुमारे 4 मिमी मध्याकडे सरकते. हे आधीच सांगा, नाहीतर गणित बरोबर येऊनही दांडी हलक्या बाजूला कलते आणि मुलं बिचारी पुन्हा पुन्हा आकडेमोड करत बसतात.

कृतीचा क्रम चक्क उलटा छापलाय. वरच्या दांडीपासून सुरुवात केली, तर खाली काहीही अडकवलं की आधीचा तोल जातो. सर्वांत खालची दांडी आधी तोलायची, मग ती सगळी मिळून एक वजन समजून वरच्या दांडीला लावायची. रंगही तोलण्याआधीच द्यायचा, कारण पोस्टर कलरच्या थरानं पानाचं वजन वाढतं. दांडीला कमानीसारखा बाक हवा, टोकं कडीच्या खाली राहतील असा. उलटा बाक दिला तर ती कलंडते. तयार मोबाइल पंख्याच्या झोतात टांगू नका, दोरे गुंततात. खिडकीतून येणारा वारा पुरतो.

स्टेबाइलला पुस्तिकेत जेमतेम एक पान आहे आणि हीच खरी खंत. काल्डरनं 1919 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती. शिकागोतलं त्याचं 1974 चं ‘फ्लेमिंगो’ हे स्टेबाइल 53 फूट उंच असूनही मोजक्या टेकूंवर उभं आहे. त्याच्या कमानींखालून चालत गेलं की पावलागणिक आकार बदलतो. मुलांना हा अनुभव द्यायचा तर संचातलं कार्डशीट कामाचं नाही, ते वाकतं. 2 मिमीचा कडक पुठ्ठा घ्या. एका तुकड्याला वरून, दुसऱ्याला खालून निम्म्या उंचीपर्यंत खाच पाडा आणि एकमेकांत बसवा. खाचेची रुंदी 2 मिमीच ठेवा; 3 मिमी झाली की शिल्प डुगडुगतं. जमिनीला किमान तीन ठिकाणी टेकलं, तर डिंक लागत नाही.

पुस्तिकेत मोबाइलची फक्त स्थिर छायाचित्रं आहेत. हलत्या शिल्पाचा एखादा व्हिडिओ आधी दाखवा, मगच मुलांच्या हाती पकड द्या. मोबाइल आणि स्टेबाइल वेगवेगळ्या दिवशी घ्या. एकाच तासात दोन्ही उरकत नाहीत.