‘जय भीम कॉम्रेड’ : गावात दाखवायचा तर आधी आवाज बघा

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला तर निम्माच हाती लागतो. नावाला माहितीपट, पण त्याचा कणा शाहिरी जलशाचा आहे. दुय्यम कव्वालीला, म्हणजे दोन कव्वालांच्या सामन्याला, रात्रभर बसणाऱ्या विदर्भातल्या गावाला तो समजावून सांगावा लागत नाही.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला उतरलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० जण गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. डाव्या चळवळीत गाणाऱ्या माणसाने मरताना निळे का बांधले, या प्रश्नामागे कॅमेरा १४ वर्षे फिरतो आणि पुण्यातल्या कबीर कला मंच या शाहिरी गटाच्या पोरांपर्यंत येतो. मंचाच्या शीतल साठे गातात तिथे निवेदन नकोसेच वाटते.

खैरलांजीचा भाग भंडाऱ्याकडे जड जातो. मोहाडी तालुक्यातले गाव, २९ सप्टेंबर २००६, भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या. इथे कुणाला संदर्भ द्यावा लागत नाही. मध्यांतर या भागाला लागून ठेवू नका, उठलेली माणसे परतत नाहीत. उणे एकच: मुंबईतले पक्ष आणि गट भराभर येऊन जातात. सुरुवातीला पाच मिनिटे कुणीतरी उभे राहून सांगितलेले बरे.

आता दाखवण्याचे. लांबी तीन तासांच्या आसपास, म्हणून एप्रिलमध्ये साडेसातला सुरू केलाच पाहिजे. त्याआधी आभाळात उजेड असतो आणि पडदा फिका दिसतो. दहा फुटी पडद्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. लाइनचा भरवसा नसतो, इन्व्हर्टर लावा. नाहीतर दिव्याचा प्रोजेक्टर गरम असतानाच बंद पडतो आणि दिवा लवकर जातो.

खरी माती होते ती आवाजात. लग्नाचे डीजे बॉक्स आणले की ढोलकीचा नुसता धबधबा होतो, शब्द बुडतात. बेस उतरवा, मिक्सरवरचा इको पूर्ण बंद करा. टिनाच्या समाजमंदिरात आवाज भिंतींवर आपटून घुमतो, त्यापेक्षा बाहेरचे अंगण चांगले. बॉक्स पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा उंच. शाहिराचा शब्द शेवटच्या चटईवर कळतो की नाही, ते तिथे जाऊनच तपासा. ऑपरेटरच्या खुर्चीवरून सारेच छान वाटते.

नक्षलवादाच्या आरोपामुळे मंचाचे कलाकार भूमिगत असतानाच सिनेमा थांबतो, त्यामुळे दिवे लागताच विचारणा होते: पुढे काय झाले? उत्तर तयार ठेवा. शीतल साठे आणि मंचाचेच सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनाबाहेर स्वतःहून हजर झाले. साठे गरोदर होत्या, त्यांना त्याच वर्षी जूनमध्ये जामीन मिळाला. माळी यांच्या जामिनाला २०१७ उजाडले.